‘पडणे’ आणि ‘पाडणे’ : घर, घनता आणि मराठी समीक्षेतील एक मोकळी जागा

१

मराठी कथनात्म साहित्याचा विचार करताना ‘ग्रामीण’ आणि ‘महानगरी’ या दोन संज्ञा आपण इतक्या सहजपणे वापरतो, की त्या वर्णनाच्या सोयीसाठी घडवलेल्या संज्ञा आहेत याचा आपल्याला विसर पडतो. उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) एका टोकाला, भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ (१९६५) दुसऱ्या टोकाला, आणि मधला सारा प्रदेश निनावी, अशी ही मांडणी आहे. विशेष म्हणजे जो प्रदेश समीक्षेला दिसला नाही तो संविधानकर्त्या संसदेला दिसला. १९९२ साली संमत झालेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामीण क्षेत्रातून नागरी क्षेत्रात संक्रमण करणाऱ्या भूभागाची वेगळी कोटी मानली आणि तिच्यासाठी ‘नगरपंचायत’ ही संस्था योजली. संक्रमण ही समाजशास्त्राची आवडती संकल्पना असली तरी येथे ती एक प्रशासकीय हद्द म्हणून अवतरली. एखादे गाव ‘संक्रमणात’ आहे की नाही हे आता अधिसूचनेने ठरू लागले.

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, कन्हान नदीच्या काठी वसलेले मौदा हे असे एक गाव आहे. ते तालुक्याचे ठिकाण आहे, तेथे नगरपंचायत आहे, तालुक्यात २३२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आहे, आणि तालुक्यातील काही गावे नागपूर महानगर क्षेत्रात समाविष्ट आहेत. या गावाला ‘ग्रामीण’ म्हणावे तर वावरात सिमेंटचे खुंट रोवलेले दिसतात. ‘नागर’ म्हणावे तर त्या खुंटांमधून अजून तुरीचे पीक उभे असते.

येथील पदव्युत्तर वर्गात महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ शिकवत असताना प्रस्तुत लेखकाने सहज म्हटले की, या नाटकात वाडा पडतो आहे. त्यावर मागच्या बाकावरून एक विद्यार्थी म्हणाला, ‘‘सर, आमचं वावर यंदा पाडलं.’’ वर्ग हसला, कारण सर्वांना अर्थ कळला होता. वावर पाडणे म्हणजे शेताचे भूखंड करणे, ‘ले-आऊट पाडणे’. हसू ओसरल्यावर मात्र त्या दोन वाक्यांतील व्याकरणिक अंतर अस्वस्थ करू लागले. वाडा पडतो, वावर पाडले जाते. पहिले क्रियापद अकर्मक, त्याला कर्त्याची गरज नाही. दुसऱ्याला ती आहे. कोणी पाडले, कोणाच्या परवानगीने आणि किती तुकडे, हे प्रश्न त्या क्रियापदाच्या पोटातच आहेत.

घर आणि वस्ती यांच्याविषयी मराठी साहित्य प्रामुख्याने ‘पडणे’ या क्रियापदात बोलत आले, वस्तीची रचना आणि घनता ठरवणारे राजकारण मात्र ‘पाडणे’ या क्रियापदात चालते, आणि या दोहोंमधील अंतर वाचण्याची साधने आपल्या समीक्षेने घडवली नाहीत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम शासकीय संहितेकडे वळू. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली तयार होणारी विकास योजना ही नकाशा, अहवाल आणि नियमावली यांची मिळून झालेली संहिता असते. तिची भाषा कर्मणी आहे. रस्ता ‘दर्शविण्यात येतो’, शाळेचे मैदान ‘आरक्षित करण्यात येते’, शेतजमीन रहिवास विभागात ‘समाविष्ट करण्यात येते’. ‘पाडणे’ या क्रियापदाचा कर्ता येथे व्याकरणानेच झाकला जातो. निर्णय कोणीतरी घेतलेला असतो. वाक्यात तो केवळ घडलेला असतो.

या संहितेतील सर्वांत परिणामकारक अक्षरे म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांकाचे आकडे. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे तो आकडा सांगतो. पर्यायाने एका एकरावर किती चुली पेटतील हेही तोच सांगतो. २०२० साली राज्यातील बहुतेक नागरी क्षेत्रांसाठी लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत अनुज्ञेय बांधकाम समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी निगडित केलेले आहे. म्हणजे नकाशावरची रस्त्याची रेघ केवळ वाहतुकीची नसते, तिच्यावर काठच्या प्रत्येक भूखंडाची किंमत आणि उंची अवलंबून असते. ती रेघ कोणाच्या बांधावरून जावी, या प्रश्नाभोवती तालुक्याच्या गावातील राजकारणाचा मोठा भाग फिरतो. पक्षांची नावे बदलतात, पण रेघेचा प्रश्न तसाच राहतो.

कायद्याने या संहितेच्या निर्मितीत अनेक लेखकांना स्थान दिले आहे. प्रारूप योजना प्रसिद्ध होते, नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या जातात, निवडून आलेले काही सदस्य आणि शासननियुक्त तज्ज्ञ यांची समिती सुनावणी घेते, आणि अखेर शासन मंजुरी देते. मंजुरीच्या वेळी शासनाला महत्त्वाचे फेरबदल करावयाचे असतील तर तेवढा भाग बाजूला काढून स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला जातो. नगररचनेच्या परिभाषेत त्याला ‘वगळलेला भाग’ म्हणतात. संहितेतील मौनांचा आणि गाळलेल्या जागांचा अर्थ लावण्याचे शिक्षण आपल्या पिढीने युरोपीय सिद्धान्तकारांकडून घेतले. नगररचना विभाग मात्र आपल्या संहितेतील गाळलेल्या जागांना रीतसर क्रमांक देत आला आहे. स्थानिक आणि राज्यपातळीवरील सत्तेची खरी ओढाताण अनेकदा या क्रमांकित मोकळ्या जागांत सापडते.

नागपूर परिसरात या साऱ्या व्यवहाराला एक खास रूप आहे. १९३६च्या कायद्याने स्थापन झालेली नागपूर सुधार प्रन्यास ही संस्था शहराची आखणी करीत असतानाच, तिच्या आखणीबाहेर शेतजमिनींवर अकृषिक परवान्याविना अभिन्यास पाडले गेले. गृहनिर्माण संस्थांनी आणि जमीनमालकांनी भूखंड विकले, लोकांनी घरे बांधली, आणि नंतर ती वस्ती नियमित करण्याची मागणी उभी राहिली. नागपूरच्या सार्वजनिक भाषेत ‘५७२ ले-आऊट’ आणि ‘१९०० ले-आऊट’ हे शब्दप्रयोग रूढ झाले ते यातून. ‘आर. एल. झाले का?’ हा प्रश्न, म्हणजे भूखंड नियमित झाल्याचे पत्र मिळाले का ही पृच्छा, येथील मध्यमवर्गीय घरात मुलीच्या लग्नाच्या चौकशीइतक्याच गांभीर्याने केली जाते.

या क्रमात स्थानिक राजकारणाचे स्थान कोठे? प्रचलित समजुतीप्रमाणे नियम आधी असतो आणि पुढारी तो मोडतो. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो. आधी वस्ती होते, मग मतदारयादी, मग नळ आणि गट्टू, आणि शेवटी नकाशा. पुढारी येथे नियमभंजक नसून भाष्यकार असतो. आज अनधिकृत असलेले उद्या कोणत्या कलमाखाली अधिकृत होईल, हे तो लोकांना समजावून सांगतो आणि त्या भाष्याच्या बळावर निवडून येतो. महाराष्ट्र गुंठेवारी विकास (नियमाधीन करणे, श्रेणीवाढ व नियंत्रण) अधिनियम, २००१ हा या भाष्याला मिळालेला वैधानिक आकार होय. त्या कायद्यातील १ जानेवारी २००१ ही मर्यादा २०२१च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२०पर्यंत पुढे नेण्यात आली. मुंबईतील झोपडीधारकांच्या पात्रतेची तारीखही अशीच १ जानेवारी १९९५वरून १ जानेवारी २०००वर सरकली. नियम वर्तमानकाळात निषेध करतो आणि भूतकाळाला क्षमा करतो. आणि वर्तमान रोजच भूतकाळात जमा होत असल्यामुळे पुढच्या क्षमेची अपेक्षा हेच जमिनीच्या व्यवहाराचे भांडवल होते.

या क्षमेची किंमत घनतेत मोजावी लागते. रीतसर अभिन्यासात सुमारे एक-दशांश जागा मोकळी ठेवावी लागते. अनधिकृत अभिन्यासात तीही भूखंड म्हणून विकली जाण्याची शक्यता असते. रस्ते अरुंद राहतात, सांडपाण्याची वाट ठरलेली नसते. पहिल्या पिढीत घरे एकमजली असल्याने हे जाणवत नाही. दुसऱ्या पिढीत वर मजला चढतो, समोरच्या अंगणात दुकान येते, आणि मैदान कोठे होते हे कोणालाही सांगता येत नाही. एवढी दाट वस्ती करावी असा ठराव कोणत्याही सभेत कोणीही मांडलेला नसतो.

३

घनतेचा प्रश्न अखेर वाचनाचा प्रश्न कसा असतो, याचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईच्या गिरणगावात घडले. १९८२च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनींचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८नुसार, गिरणीच्या जमिनीचा विकास करताना तिचा मोठा वाटा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी आणि म्हाडाला घरांसाठी द्यावयाचा होता. स्थूलमानाने तीन समान वाटे अशी कल्पना होती. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी साऱ्या जमिनीची न होता, ज्या जमिनीवर मुळात बांधकाम नव्हते तेवढ्याच मोकळ्या जमिनीची करावी असा अर्थ प्रस्थापित झाला. गिरण्यांचे बहुतेक क्षेत्र बांधकामाखाली असल्याने सार्वजनिक वाटा आक्रसला. ऑक्टोबर २००५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचिकाकर्त्यांच्या बाजूने निर्णय दिला. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून २००१ची दुरुस्ती ग्राह्य धरली.

‘मोकळी जमीन’ या दोन शब्दांचा अर्थ काय, यावर हा वाद उभा होता. पाडून मोकळी झालेली जमीन मोकळी मानायची, की मुळात मोकळी होती तीच? अर्थनिर्णयनाच्या सिद्धान्तात आपण संहितेच्या अनेकार्थतेचे कौतुक करतो. येथे अनेकार्थतेचा निकाल लागला आणि त्या निकालावर परळ-लालबागच्या आकाशरेषेची उंची ठरली. वाचनव्यवहार निरुपद्रवी असतो, हा आपला व्यावसायिक समज या उदाहरणापुढे टिकत नाही.

४

आता साहित्यकृतींकडे वळू. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकाच्या शेवटी असलेले ‘चिंतन’ मराठी वाचकाला प्रिय आहे. एकमेकांच्या आयुष्यात डोकावणाऱ्या बिऱ्हाडांची ती दाटी तेथे स्मरणरंजनाचे मूल्य बनते. पण चाळ मोडकळीस येण्याचे एक कारण १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यात होते. गोठवलेल्या भाड्यामुळे मालकाला डागडुजीत रस उरला नाही आणि भाडेकरूला सोडून जाणे परवडेनासे झाले. भाडेकरूंच्या संख्येमुळे तो कायदा बदलण्याचे धाडस दीर्घकाळ कोणत्याही सरकारने केले नाही. चाळीतील आपुलकी आणि चाळीची पडझड या दोन्हींना एकच राजकीय निर्णय आधार देत होता. संहितेत मात्र चाळ ‘जुनी होते’. काळ तिला जुनी करतो. कायद्याचे नाव नाही.

जयवंत दळवी यांची ‘चक्र’ (१९६३) आणि मधु मंगेश कर्णिक यांची ‘माहीमची खाडी’ (१९६९) या कादंबऱ्या झोपडपट्टीला साहित्याच्या केंद्रस्थानी आणतात. त्यांतील अनुभवाची दाहकता वादातीत आहे. तरीही ‘चक्र’ हे शीर्षक स्वतःच पुनरावृत्तीचे, म्हणजे कर्त्याविना चालणाऱ्या गतीचे रूपक आहे. त्या काळात झोपडी ही शहराच्या लेखी वजाबाकी होती. १९९५नंतर झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत प्रत्येक पात्र झोपडी विकासकाला मिळणाऱ्या वाढीव चटईक्षेत्राचे माप झाली, आणि जितकी दाटी अधिक तितका प्रकल्प किफायतशीर असे नवे गणित आले. या बदलानंतर दळवींची झोपडी आपण पूर्वीसारखी वाचू शकतो का, हा प्रश्न आपल्या दळवी-समीक्षेने विचारलेला आढळत नाही.

अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ (१९७३) आणि ‘सिंहासन’ (१९७७) या कादंबऱ्यांत कर्ता दिसतो. किंबहुना तेथे कर्त्यांची गर्दी आहे. मुख्यमंत्री, मंत्री, कामगार पुढारी, उद्योगपती आणि हे सारे पाहणारा पत्रकार दिगू. पण सत्तेचा हा व्यवहार व्यक्तींच्या महत्त्वाकांक्षांचा आहे. खुर्ची कोणाची, या प्रश्नाभोवती कथानक फिरते; त्या खुर्चीवरून कोणत्या कागदावर सही होते आणि तिने कोणत्या वस्तीची रचना बदलते, तेथवर ते क्वचितच पोहोचते.

जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७) याहून अवघड उदाहरण आहे. गिरणगावातील एका खोलीत धुरी कुटुंब विखरत जाते. या नाटकाच्या सहा वर्षे आधीच नियम ५८ लिहिला गेला होता. त्या खोलीबाहेरच्या जमिनीचे भवितव्य कागदावर उतरलेले होते, आणि खोलीतील माणसे परस्परांनाच दोष देत होती. नाटकात तो नियम नाही, हा दोष म्हणावा काय? मला तसे वाटत नाही. ज्यांच्या आयुष्याविषयी निर्णय होतो त्यांच्या खोलीत निर्णयाचा शब्दही शिरत नाही, हे त्या नाटकाच्या बंदिस्त अवकाशातूनच प्रत्ययास येते. अनुपस्थिती येथे रूपबंधाचा भाग आहे. तिचे वाचन करावयाचे तर समीक्षकाने नाटकाशेजारी नियमावली उघडून ठेवली पाहिजे. आणि आपण ती ठेवली नाही.

‘वाडा चिरेबंदी’विषयीही असेच म्हणता येईल. तात्याजींच्या मृत्यूनंतर धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात जमलेली भावंडे, तेराव्याच्या खर्चाची विवंचना, निकामी होऊन पडलेला ट्रॅक्टर या साऱ्यांतून एका सरंजामी कुटुंबाचा ऱ्हास साकार होतो. समीक्षेने या नाटकाला ऱ्हासाची शोकात्मिका म्हणून गौरवले ते योग्यच. परंतु ऱ्हास हा शब्दही ‘पडणे’च्याच कुळातला आहे. वाडा पडल्यावर जी जागा उरते ती विदर्भातील गावागावांत कोणी घेतली, तिथे किती गाळे निघाले, आणि वाड्याच्या आश्रयाने राहणाऱ्या कुळांना व बलुतेदारांना त्यांत जागा मिळाली का, हे प्रश्न शोकात्म वाचनाच्या बाहेर राहतात. वाड्याची विरळ वस्ती ही जातीने आणि जमिनीने निर्माण केलेली होती. तिचा शोक करताना, दाटी कोणाच्या वाट्याला आधीपासूनच आलेली होती, हे विसरता येणार नाही.

या परंपरेत विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) हा महत्त्वाचा अपवाद. धरणग्रस्तांच्या या कादंबरीत गाव बुडते, पण ते नुसते ‘बुडत’ नाही. संपादन, मोजणी, वाटप, नवे गावठाण अशा प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी ते बुडवत असते. कार्यालयीन भाषा तेथे कथनाचा कच्चा माल होते. तिच्यातील निवेदन पसरट आहे, अशी तक्रार करता येईल. पण ‘पाडणे’चे कथन करावयाचे तर प्रकरणे, तारखा, फेऱ्या आणि सह्या यांचा पसारा टाळता येत नाही. पसरटपणा हा येथे विषयाने लादलेला रूपधर्म आहे काय, हा प्रश्न त्या तक्रारीआधी विचारायला हवा. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पामुळे हललेली गावे ज्या जिल्ह्यांत आहेत, तेथील वाचकाला तरी तो पसारा अनोळखी वाटणार नाही.

५

या मांडणीवर एक रास्त आक्षेप घेता येईल. साहित्याने नगररचनेची माहिती पुरवावी अशी ही मागणी नव्हे काय? आणि तसे असेल तर साहित्यकृतीच्या स्वायत्ततेचे काय? आक्षेपाचे उत्तर असे की, मागणी साहित्यिकाकडे नसून समीक्षकाकडे आहे. रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात इंग्रजी निसर्गकाव्यातील शांत शेतशिवारामागे जमिनींच्या कुंपणबंदीचा इतिहास वाचला; त्यामुळे ती काव्ये लहान झाली नाहीत, त्यांच्यातील शांतता मात्र निरागस राहिली नाही. आपल्याकडील समीक्षेने घराचे ‘प्रतीक’ पाहिले, अवकाशाचा ‘अनुभव’ पाहिला, पण घर हे एका निर्देशांकाचे, एका तारखेचे आणि एका स्थानिक निवडणुकीचेही अपत्य असते, हे पाहण्याचे टाळले. याचे एक कारण आपली अभिरुची हे आहे. सातबारा, फेरफार, आखीव पत्रिका या शब्दांना आपण वाङ्मयबाह्य मानले.

म्हणून शेवटी एका वाङ्मयबाह्य लेखनप्रकाराचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. तो म्हणजे ‘हरकत’. प्रारूप योजनेवर सामान्य नागरिक जो अर्ज करतो त्याची रचना न्याहाळण्यासारखी असते. आरंभी सर्वे नंबर आणि क्षेत्रफळ. मग वडिलोपार्जित ताब्याचा इतिहास. मग कुटुंबातील माणसांची गणती. मग शेजारच्या मोठ्या भूखंडावरून रेघ का वळली असा, बहुधा अर्धवट सोडलेला, प्रश्न. आणि शेवटी ‘तरी विनंती की’. मौद्यातील एका शेजाऱ्यासाठी असा अर्ज लिहून देताना प्रस्तुत लेखकाने प्रश्नाचे ते वाक्य शुद्धलेखनासह नीट केले आणि सवयीने कर्मणी करून टाकले : ‘रस्ता वळविण्यात आला आहे’. शेजाऱ्याने ते वाचून घेतले आणि म्हटले, ‘‘कोनं वळवला, थे बी लिहा ना सर.’’ लिहिता आले नाही. नाव ठाऊक नव्हते असे नव्हे. अर्जाच्या भाषेत त्या नावाला जागा नव्हती. त्या अर्जाची सुनावणी झाली. रेघ होती तेथेच राहिली.

मराठीत ‘पाडणे’ हे क्रियापद विलक्षण प्रशस्त आहे. घर पाडतात, प्लॉट पाडतात, पायंडा पाडतात, निवडणुकीत उमेदवार पाडतात. आणि ‘भाग पाडणे’ म्हणजे वाटे करणेही होते आणि सक्ती करणेही होते. आपल्या भाषेने नगररचनेचे राजकारण एका धातूत साठवून ठेवले आहे. ‘ग्रामीण’ आणि ‘महानगरी’ यांच्यामधल्या निनावी प्रदेशातून नव्याने लिहू लागलेल्या पिढीसमोर ही भाषा सिद्ध आहे. तिच्या लेखनात रेघ, खुंट, तारीख आणि निर्देशांक येतील तेव्हा त्यांना ‘तपशिलाचा भार’ म्हणून बाजूला सारू नये, एवढी तयारी समीक्षेने आजच करायला हवी. तोवर मागच्या बाकावरच्या त्या विद्यार्थ्याच्या वाक्याला कर्ता पुरवण्याचे काम आपल्याकडे थकलेले आहे.